नवी बाग आधी की जुनीची डागडुजी? वाढत्या उपनगरासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पूर्वेकडचे एक गाव २०२१ साली महापालिकेच्या हद्दीत आले. ग्रामपंचायतीच्या काळातली वीसेक गुंठ्यांची एक बाग तिथे आहे. घसरगुंडी फुटलेली, नळ कोरडे, पण झाडे मोठी. तिच्यापासून अर्ध्या किलोमीटरवर एक एकराचा भूखंड विकास आराखड्यात बागेसाठी दाखवला आहे, आणि सध्या तिथे राडारोडा टाकला जातो. थोडा निधी मिळेल अशी चिन्हे आहेत. सोसायट्यांच्या बैठकीत काहींना नवी बाग हवी, काहींना ओपन जिम आणि कारंजे, काहींना मियावाकी, म्हणजे रोपे अगदी दाट लावून केलेले छोटे जंगल. पैसा एकाच ठिकाणी पुरेल, तर आधी काय करावे?

माझे उत्तर आधीच सांगते. जुनी बाग दुरुस्त करून चालू ठेवा. त्याच वेळी नव्या भूखंडाची मालकी आणि हद्द कागदावर पक्की करून घ्या. आणि त्या नव्या जागेवर पहिली दोन वर्षे माती, पाणी, झाडे आणि एक साधी पायवाट याखेरीज काहीही बांधू नका. गेली बरीच वर्षे नगरपालिका-महापालिकांसाठी बागांची आखणी आणि देखरेख हेच माझे काम आहे. बाग उद्घाटनाच्या दिवशी कशी दिसते यावर आपण फार खर्च करतो आणि ती तिसऱ्या उन्हाळ्यात कशी असेल यावर जवळजवळ काहीच करत नाही. वाढत्या उपनगरात ही चूक जास्त महाग पडते, कारण तिथे एकदा हातची गेलेली जागा परत मिळत नाही.

म्हणून सुरुवात जागेपासून. आराखड्यात हिरवा रंग दिसला म्हणजे जागा आपली झाली असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादन झाले नाही किंवा त्याची पावलेही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण संपते. बागेची आरक्षणे अशी गेलेली मी पाहिली आहेत. गाजावाजा होत नाही, मोर्चा निघत नाही. एक दिवस पत्रे उभे राहतात आणि आतून इमारतीच्या पायाच्या खोदकामाचा, पायलिंगचा, आवाज येऊ लागतो. पुण्यातच १९९७ साली हद्दीत आलेल्या २३ गावांच्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण पडले, आणि मोबदला किती व कसा यावर वर्षानुवर्षे वाद चालू राहिला. नकाशावर रंग लावणे सोपे असते. मोबदला देऊन ताबा घेणे अवघड असते.

तेव्हा तुमच्या सोसायट्यांच्या महासंघाने पहिला अर्ज बागेच्या डिझाइनसाठी करू नये, कागदांसाठी करावा. त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला, भाग नकाशा आणि ताजा सातबारा काढा. आराखडा प्रारूप आहे की मंजूर, हे लेखी विचारा. जागा महापालिकेच्या नावावर आली आहे का, की बिल्डरकडून हस्तांतरित व्हायची राहिली आहे, की मालकाला टीडीआर (जमिनीच्या मोबदल्यात दिलेला, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन झाला पण ताबा घेतलाच नाही? या तिन्ही अवस्थांत पुढची पावले वेगळी असतात. मालकी महापालिकेची असेल तर भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्या आणि हद्दीच्या खुणांवर दगड बसवा. त्यानंतर कुंपण. महागड्या भिंतीची गरज नाही. काँक्रीटचे खांब आणि साखळी जाळी पुरते. कुंपणाच्या आत पहिल्याच पावसात करंज आणि कडुनिंबाची एक रांग लावून टाका. मोकळ्या पडलेल्या भूखंडावर कोणीही टपरी टाकतो. ज्या जागेवर लोकांची रोज ये-जा आहे तिथे अतिक्रमण करायला माणूस दहादा विचार करतो.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सोसायटीच्या लेआउटमधली जी १० टक्के मोकळी जागा असते ती त्या सोसायटीच्या रहिवाशांची. ‘आमच्याकडे क्लबहाउसची बाग आहे’ असे म्हणणाऱ्यांच्या भरवशावर सार्वजनिक बागेची मागणी सोडू नका. गावठाणातली कुटुंबे, भाड्याच्या खोल्यांत राहणारे, सोसायट्यांत कामाला येणाऱ्या बायका, बांधकामावरच्या मजुरांची मुले यांना त्या फाटकातून आत सोडले जात नाही. सार्वजनिक बाग मुळात त्यांच्यासाठी आहे आणि ती त्यांना धरूनच आखायला हवी.

समाविष्ट गावांत गायरान असेल तर तेही पाहा. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनी वाचवण्याबद्दल स्पष्ट भूमिका घेतली, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरान वाटपावर निर्बंध घालणारा निर्णय काढला. बाग म्हणून आधीच वापरात असलेल्या जागेबाबत त्याहून जुना आणि अजूनही उपयोगी पडणारा निकाल आहे: बंगळुरू मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा, १९९१. बागेसाठी राखलेली जागा खासगी नर्सिंग होमला देण्याचा निर्णय न्यायालयाने रद्द केला, आणि रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केले. तुमच्या जुन्या बागेच्या कोपऱ्यात उद्या कोणी ‘फक्त एक हॉल’ सुचवला, तर या निकालाची प्रत अर्जाला जोडा.

घरांच्या आधी बागांची जागा राखली की काय होते, हे मुंबईत दिसते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याचे उपनगर आखले, तेव्हा पाच उद्याने रस्त्यांबरोबरच आखली गेली. आज फाइव्ह गार्डन्सच्या झाडांखालून चालताना ती शंभर वर्षांपूर्वीची दूरदृष्टी अक्षरशः डोक्यावर सावली धरते. आपल्याकडे वाघोली, मांजरी, नऱ्हे, सूस यांसारख्या गावांत घरे आधी आली. त्यामुळे उरलेला प्रत्येक गुंठा मोलाचा आहे.

आता जुनी बाग. ती आधी का, याचे कारण मोठी झाडे. वीस वर्षांचा करंज विकत मिळत नाही. नव्या भूखंडावर आज लावलेल्या रोपाखाली बसायला किमान सात-आठ वर्षे लागतील. जुन्या बागेत सावली आजच आहे. शिवाय लोकांना तिथे जायची सवय आहे.

पण दुरुस्ती म्हणजे सगळे उखडून पुन्हा करणे नव्हे. ठेकेदाराला तेच सोयीचे असते, कारण पेव्हर ब्लॉक चौरस मीटरवर मोजता येतो आणि एमबीत, म्हणजे कामाच्या मोजमाप वहीत, चढवता येतो. तुम्ही आधी बागेत जाऊन बसा. सकाळी साडेसहाला, अकराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री आठला; एकदा कामाच्या दिवशी, एकदा रविवारी. कोण येते, कुठून आत शिरते, कुठे टेकते, कुठे फिरकत नाही, हे वहीत लिहा. अशा पाहणीत एक दृश्य मला हमखास दिसते. उन्हात चकाकणारे दहा बाक रिकामे असतात आणि रेन ट्रीच्या बुंध्याभोवतीच्या वीतभर कठड्यावर सात माणसे खेटून बसलेली असतात. तिथे नवे बाक घेऊ नका. तो कठडा दीड फूट उंच आणि दोन फूट रुंद करा, बुंध्याजवळची माती मोकळी ठेवून. गावाला पाराची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. देवळापुढच्या पिंपळाच्या पारावर म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि वाटसरू एकाच वेळी बसतात. गावठाणातल्या लोकांना नव्या बागेत परके वाटू नये असे वाटत असेल तर त्यांना ओळखीची ही बैठक आत आणा.

तशाच पायवाटा. हिरवळीतून तिरक्या पडलेल्या वाटा म्हणजे लोकांनी स्वतः दिलेला नकाशा आहे. तिथे साखळी लावून ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी ठोकण्यापेक्षा त्याच वाटेवर फरशी टाका.

जुन्या बागेतल्या प्रत्येक झाडाची नोंद आधी करा: जात, बुंध्याचा घेर, प्रकृती, नकाशावरची जागा. ही यादी अंदाजपत्रकाला जोडायला लावा. नाहीतर काम संपल्यावर चार झाडे कमी झालेली असतात आणि ती कुठे होती हे सांगायला कोणी नसते. शहरी भागात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष जतन कायद्याखाली परवानगी लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून जास्त संरक्षण आहे. बुंध्याला भिडलेले काँक्रीट आणि पेव्हर हाताने काढून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला होता, तोच निकष इथे धरा. हे काम जेसीबीने करू देऊ नका. जेसीबीच्या दातांनी तुटलेली मुळे दिसत नाहीत. झाड दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागते, किंवा वळवाच्या वाऱ्यात कोसळते.

मातीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बागा फसण्याचे सर्वांत मोठे कारण तीच आहे. तुमच्या नव्या भूखंडावर चार ठिकाणी एक मीटर खोल खड्डे घ्या. माझा अंदाज असा की वरच्या फूटभरात कोणीतरी पसरलेली लाल माती निघेल, तिच्याखाली टाइल्सचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, वायरींची टरफले, आणि त्याखाली रोलरने दाबलेला मुरूम. खड्डा पाण्याने भरा, जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसेच उभे असेल तर तिथे लावलेले झाड पावसाळ्यात मुळे कुजून मरणार, हे ठरलेले. मग आधी राडारोडा बाहेर काढणे, दाबलेला थर फोडणे, आणि उतार देऊन पाणी वाहते करणे, ही कामे अंदाजपत्रकात पहिल्या पानावर यायला हवीत. पूर्वेकडे काळी माती लागते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर पातळ काँक्रीटवर बसवलेली फरशी दोन वर्षांत लाटेसारखी वरखाली होते. वाटांखाली खडी-मुरुमाचा जाड थर द्या आणि वरून सुटी फरशी बसवा, म्हणजे उचलून परत बसवता येते.

माती खराब आहे म्हणून जागा सोडून देऊ नका. माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभे आहे, ३७ एकरांवर. १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. त्याआधी कित्येक वर्षे माती तयार करण्यात आणि झाडे रुजवण्यात गेली होती. एवढा धीर एका एकरासाठीही लागतो.

पाणी. पुण्याला पावसाळा सोडला तर आठ महिने कोरडे, आणि तुमच्या भागात उन्हाळ्यात सोसायट्याच टँकरवर असतात. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज ५ लिटरच्या आसपास पाणी लागते. दहा गुंठे हिरवळ म्हणजे साधारण हजार चौरस मीटर, म्हणजे रोज ५,००० लिटर. दोन दिवसांत दहा हजारांचा एक टँकर. ज्या वस्तीत बायका पाण्यासाठी रांगेत उभ्या असतात तिथे हे करणे मला योग्य वाटत नाही. हिरवळ हवीच असेल तर मुलांना लोळण्यापुरती दोन-तीन गुंठे ठेवा, आणि कार्पेट लॉनऐवजी हरळी लावा. उन्हाळ्यात ती पिवळी पडते, पहिल्या पावसात परत हिरवी होते. पिवळेपणा लोकांना दोन महिने चालवून घ्यायला सांगा.

बाकीच्या पाण्याची सोय तुमच्या सोसायट्यांकडेच आहे. मोठ्या गृहप्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच्या अटींमध्ये सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प बंधनकारक असतो, आणि त्यातले बरेच प्रक्रिया केलेले पाणी ड्रेनेजला सोडले जाते. जवळच्या दोन सोसायट्यांशी लेखी करार करून ते पाणी बागेच्या टाकीपर्यंत आणा. अटी दोनच. दर महिन्याला पाण्याची तपासणी, आणि हे पाणी फवारून द्यायचे नाही, ठिबकने किंवा आळ्यात सोडायचे. प्यायच्या पाण्याची लाइन पूर्ण वेगळी आणि वेगळ्या रंगाची. बागेची पातळी रस्त्यापेक्षा थोडी खाली ठेवली तर पावसाचे पाणी आपोआप आत येऊन जिरते. भूखंडाच्या कडेने ओढा जात असेल तर त्याला पाइपात कोंडून वर लॉन करण्याचा प्रस्ताव कोणी आणू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने काय केले, हे पुणेकरांना सांगायला नको. ओढ्याकाठची पट्टी मोकळी ठेवा, तिथे अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ लावा, आणि पूर आला तर तिथे पाणी पसरू द्या.

झाडे निवडताना मी तीन प्रश्न विचारते: एप्रिलमध्ये सावली देईल का, फांदी मोडून पडण्याची भीती किती, आणि पक्ष्यांना-कीटकांना काही मिळेल का. करंज मार्च-एप्रिलमध्ये नवी पालवी घेतो आणि ऐन उन्हाळ्यात गर्द होतो, म्हणून बाकांजवळ तो. कडुनिंब, बकुळ, शिरीष, आपटा, कांचन हे भरवशाचे. बहावा आणि ताम्हण फुलांसाठी; ताम्हण तर आपले राज्यफूल, त्याला थोडी ओल मात्र लागते. काटेसावर सुंदर, पक्ष्यांची जत्रा भरते, पण खोडाला काटे असतात, म्हणून खेळण्यांपासून दूर. वड आणि पिंपळ एकेकच, आणि जलवाहिनीपासून लांब. गुलमोहर दिसायला देखणा, पण लवकर मोडतो. वाटेवर लावत नाही. कण्हेर आणि बिट्टी शेळ्या खात नाहीत म्हणून सरकारी बागांत सर्रास लावतात. दोन्ही विषारी आहेत, लहान मुलांच्या हाताशी नकोत. आणि कोनोकार्पस पूर्ण टाळा. झटपट हिरवी भिंत होते म्हणून नर्सरीवाले सुचवतील; गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. भूखंडावरून उच्चदाबाची वीजवाहिनी जात असेल तर तिच्याखाली झुडपे आणि खेळाचे मैदान, उंच झाडे नाहीत.

मियावाकीबद्दल विचारले आहे. या पद्धतीत चौरस मीटरला तीन ते पाच रोपे लावतात, म्हणजे दोन-तीन वर्षांत आत पाय ठेवायलाही जागा राहत नाही. कंपाउंडच्या कडेने, धूळ आणि आवाज अडवायला, चार-पाच मीटर रुंदीची पट्टी म्हणून मला ती मान्य आहे. पण एक एकराच्या एकुलत्या एका बागेत अर्धा एकर त्यासाठी देणे म्हणजे मुलांच्या पायाखालची जमीन काढून घेणे आहे. आकडा मोठा दिसतो, ‘पाच हजार झाडे लावली’ असा फलक लागतो, म्हणून ती लोकप्रिय झाली. उपनगरातल्या बागेला पाच हजार काठ्यांपेक्षा साठ डेरेदार झाडे जास्त उपयोगाची.

लागवडीचा मोसम आणि सरकारी वर्ष यांचे जमत नाही, आणि दरवर्षी हजारो रोपे त्यात मरतात. निधी ३१ मार्चच्या आत खर्च करायचा असतो, म्हणून वर्क ऑर्डर फेब्रुवारीत निघते आणि रोपे मार्चच्या उन्हात खड्ड्यात जातात. जूनपर्यंत निम्मी वाळलेली असतात, आणि बिल निघालेले असते. यावर उपाय आहे. स्थापत्य काम आणि लागवड यांची निविदा वेगवेगळी काढायला लावा. खड्डे, माती, पाइपलाइन उन्हाळ्याआधी पूर्ण. रोपे दोन चांगले पाऊस झाल्यावर. लागवडीच्या निविदेत तीन वर्षांची देखभाल धरा आणि पैसे जगलेल्या झाडांवर द्या: लावल्यावर काही भाग, प्रत्येक मे महिन्याच्या अखेरीस मोजणी करून उरलेले हप्ते. रोपे ताब्यात घेताना दोन-चार पिशव्या फाडून पाहा. मुळे पिशवीच्या आत गोलगोल फिरलेली असतील तर ते रोप कितीही उंच असले तरी परत पाठवा. ते पुढे वादळात उपटून पडते.

खेळण्यांवर थोडक्यात. घसरगुंडीचे तोंड उत्तरेकडे ठेवा. पश्चिमेकडे असलेली स्टीलची घसरगुंडी संध्याकाळी पाचलाही मांडी भाजते. झोपाळ्याखाली फूटभर जाड वाळू, काँक्रीट कधीच नाही, आणि झोपाळ्याखाली पडणारा खळगा महिन्यातून एकदा भरायचा. लहान मुलांचा भाग झोपाळ्यांपासून वेगळा. फायबरचे रंगीत हत्ती-घोडे लवकर तडकतात आणि त्यांच्या कडा बोटे कापतात. ओपन जिमबद्दल माझा विरोध नाही, पण आठ यंत्रांऐवजी तीन घ्या आणि बेअरिंग बदलून देण्याचा करार आधी करा.

ज्यांच्याबद्दल बैठकीत कोणीच बोलत नाही ती बारा ते अठरा वर्षांची मुले. घसरगुंडीला ती मोठी, ज्येष्ठांच्या बाकांवर नकोशी, आणि फाटकावर पाटी: ‘बॉल खेळण्यास मनाई’. मग ती पार्किंगमध्ये उभी राहतात किंवा मोबाइलमध्ये जातात. नव्या भूखंडाच्या एका टोकाला जाळी लावलेले पाच-सहा गुंठ्यांचे साधे मातीचे मैदान त्यांच्यासाठी ठेवा. आणि मुलींसाठी, मैदानापासून थोडी बाजूला पण रस्त्यावरून दिसणारी, प्रकाश असलेली बसायची जागा. मुली बागेत येतात की नाही हे भिंतीवर फार अवलंबून असते. सहा फुटांची दगडी भिंत सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ती आतल्याला एकटे पाडते. कमरेएवढे जोते, वर आरपार दिसणारी जाळी, आणि निदान दोन बाजूंना फाटक.

फाटकातून दुचाकी येऊ नये म्हणून चक्री फाटक लावतात. त्यातून व्हीलचेअर आणि बाबागाडीही जात नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो. गाड्या अडवायला रखवालदार ठेवा. रॅम्पचा उतार १ ला १२ पेक्षा तीव्र नको. स्वच्छतागृह बायकांचे वेगळे, पाणी असलेले आणि बाग उघडी असेतोवर उघडे. किल्ली रखवालदाराच्या खिशात असलेले स्वच्छतागृह नसल्यात जमा आहे.

वेळांबद्दलही आग्रह धरा. बहुतेक महापालिकांच्या बागा दुपारी बंद असतात. घरकामाच्या दोन घरांमधला तासभर कुठे काढायचा हा प्रश्न पडलेल्या मावशी, ऑर्डरची वाट पाहणारी डिलिव्हरीची मुले, अभ्यासाला जागा नसलेले विद्यार्थी, यांना सावली हवी असते ती नेमकी दुपारी. उन्हाळे जसे वाढत आहेत तसे बारा ते चार बागेला कुलूप लावणे मला पटत नाही. दोन पाळ्यांत माणूस ठेवला की हे जमते.

आता हे सगळे टिकणार कशावर? माझा ठोकताळा असा: बाग उभारायला जितका खर्च येईल त्याच्या दहा ते बारा टक्के दरवर्षी देखभालीला लागतात. एकराला दोन माळी, एक सफाई कामगार, दोन पाळ्यांचे रखवालदार. ही तरतूद अंदाजपत्रकात लेखी नसेल तर बागेचा आकार किंवा सामान कमी करा, पण तरतुदीशिवाय काम सुरू होऊ देऊ नका. स्थापत्य कामाचा दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायची मुदत, किती वर्षांचा आहे हे पाहा, आणि तो संपण्याच्या तीन महिने आधी तुमच्यातल्या चार जणांनी बाग फिरून फुटक्या-तुटक्याची यादी उद्यान विभागाला द्या. सुरक्षा ठेव परत जायच्या आत दिलेल्या यादीला किंमत असते. माळ्यांची बसायची खोली, अवजारे ठेवायची जागा आणि पालापाचोळ्याचे खत करायचे दोन हौद आराखड्यात आहेत ना, हेही पाहा. पाला जाळताना दिसला तर थांबवा. एका एकरातला पाला त्याच एकराची माती सुधारायला लागणार आहे.

निधीची दारे सांगते. महापालिकेच्या उद्यान विभागाची तरतूद, स्थानिक आमदार निधी, जिल्हा नियोजनाचा निधी. केंद्राच्या २०१५ च्या अमृत अभियानात हरित जागा आणि मुलांसाठीच्या सोयी हा वेगळा घटक होता, त्यामुळे अशा कामांचे नमुना आराखडे बऱ्याच नगरपालिकांकडे तयार आहेत. ते मागून पाहा. बागा पुरवणे हे नागरी संस्थांच्या कामांच्या यादीत, म्हणजे ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, स्पष्ट लिहिलेले आहे. अर्जात ते नमूद करा, विनंतीचा सूर ठेवायची गरज नाही.

तुमच्या हातातल्या निधीतून जुन्या बागेत या वर्षी झाडांभोवतालचे काँक्रीट काढणे, दोन पार, नळ आणि स्वच्छतागृह, झोपाळे आणि वाळू, एक फाटक रुंद करणे, एवढे बसते. नव्या भूखंडावर मोजणी, कुंपण, राडारोडा उचलणे आणि जूनमध्ये पहिली साठ झाडे. कारंज्याचा विषय पुढच्या बैठकीत येईल तेव्हा त्याच्या पंपाचे वीजबिल, पाणी आणि दुरुस्तीचा करार अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून जाणार हे उद्यान विभागाला लेखी विचारा. उत्तर येईपर्यंत त्या जागेवर एक उंबर लावून ठेवायला हरकत नाही.